तंबू खाली, स्की वर: मार्चअखेरच्या बर्फाचं वेळापत्रक

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. घोडबंदर रोडला राहणारं चौघांचं कुटुंब. मुलगी अकराची, मुलगा सहाचा. शाळा सीबीएसईची, म्हणजे परीक्षा मार्चच्या मध्यात आटोपते आणि एप्रिल उजाडला की नवी इयत्ता. मधल्या आठ-दहा दिवसांत मुलांना स्कीइंग शिकवायचं आणि बर्फावर तंबू ठोकून दोन-तीन रात्री काढायच्या. औली, सोलंग की गुलमर्ग, सामान काय घ्यायचं आणि सहा वर्षांच्या पोराला हे झेपेल का, असं विचारलंत.

झेपेल. फक्त 'बर्फावर तंबू' यातलं 'बर्फावर' काढून टाका. मी ऐरोलीत राहतो. मनालीच्या सरकारी पर्वतारोहण संस्थेत चौदा दिवसांचा प्राथमिक स्की कोर्स केला त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि तेव्हापासून जवळजवळ दर वर्षी आपल्याकडची दोन-चार कुटुंबं बर्फात घेऊन जातो. सुरुवातीला मीही हौसेने बर्फावरच तंबू लावायचो. आता मुलं बरोबर असली की तंबू बर्फाच्या हद्दीखाली, गवतावर, आणि स्कीला रोज सकाळी गाडीने वर. कारण पुढे येईलच, पण आधी जागा ठरवू.

औलीसाठी हरिद्वारहून जोशीमठपर्यंतच रस्त्याने जवळपास 275 किलोमीटर, म्हणजे जायचा एक आणि यायचा एक असे दोन दिवस गाडीत. शिवाय जानेवारी 2023 मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथला रोपवे थांबवला गेला. मार्चअखेरीस तिथला बर्फ बहुधा संपत आलेला असतो. मनालीजवळचं सोलंग सुंदर आहे, पण उंची 2,500 मीटरच्या आसपास, आणि तुम्ही पोहोचाल तेव्हा खालच्या उतारावर चिखल आणि घोडे जास्त भेटतील. मग लोक अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलला, सिस्सू-कोकसरकडे जातात. तिथे बर्फ असतो, पण रांगेने उभ्या गाड्या, मॅगी आणि टायरची ट्यूब. बर्फ बघून येण्यापुरतं छान. स्कीइंग शिकायला सलग तीन-चार सकाळी एकाच उतारावर जाव्या लागतात.

म्हणून गुलमर्ग. मुंबईहून श्रीनगर थेट विमान तीन तासांच्या आत-बाहेर, तिथून गुलमर्ग साधारण 50 किलोमीटर. गाव 2,650 मीटरवर, शिकाऊ लोकांचे सौम्य उतार गावालगतच, आणि तिथला बर्फ आटलाच तर गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा कोंगदोरीला, 3,000 मीटरच्या वर नेतो. तिथे बर्फ एप्रिलातही बऱ्यापैकी टिकतो. काश्मीर म्हटल्यावर घरात दुसरा प्रश्न निघणारच, आपल्या ठाणे जिल्ह्यात तर नक्कीच. 22 एप्रिल 2025 च्या पहलगामजवळच्या बैसरनच्या हल्ल्यानंतर खोऱ्यातली बरीच ठिकाणं बंद केली होती आणि टप्प्याटप्प्याने उघडली. घरातल्या एखाद्याही मोठ्या माणसाचं मन तयार नसेल तर जाऊ नका, मी आग्रह करणार नाही. जायचं ठरलं तर निघण्याआधी आठवडाभर तिथल्या मुक्कामाच्या माणसाला रोज एक फोन करा. त्याला रस्ता, हवा आणि वातावरण तिन्ही खिडकीतून दिसतं.

बर्फाचीही खात्री धरू नका. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्ग कोरडं ठाक होतं, आणि 2025 मध्ये पुरेसा बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चवर ढकलाव्या लागल्या. तेव्हा तारीख बदलता येईल अशीच बुकिंगं करा. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

आता खरा मुद्दा. डिसेंबर-जानेवारीचा बर्फ दिवसभर एकसारखा असतो. मार्चअखेरचा बर्फ घड्याळावर चालतो. दिवसा ऊन वरचा थर वितळवतं, रात्री आकाश निरभ्र असेल तर तोच थर पुन्हा घट्ट गोठतो. रोज असं वितळून-गोठून बर्फाची मूळ चांदणीसारखी पाकळी जाते आणि गोल टपोरे दाणे तयार होतात. पहाटे हे दाणे एकमेकांना चिकटलेले असतात. उतार म्हणजे मासळी बाजारातली बर्फाची लादी, स्कीची कड रुतत नाही, नवशिक्या घसरत खाली. साडेनऊ-दहाला वरचे दोन बोटं बर्फ सुटतो आणि हाताने उचललात तर अगदी भिजवून ठेवलेल्या साबुदाण्यासारखा मोकळा, ओलसर, दाणेदार लागतो. शिकायला याच्यासारखा बर्फ नाही. स्की वळते, पडलं तरी लागत नाही. बारा-साडेबाराला साबुदाण्याची खीर होते आणि दुपारी दोनला गोळेवाल्याने चुरा करून ठेवलेल्या गोळ्याचं पाणी. त्यात स्की अडकते, अंग पुढे जातं, पाय मागे राहतो. गुडघे जातात ते तेव्हा.

एका दुपारी मी स्वतः 'शेवटची एक फेरी' म्हणून निघालो होतो. उतार मुलांच्या घसरगुंडीएवढा सोपा. डावी स्की ओल्या बर्फात रुतली ती बाहेरच येईना. पुढचे सहा आठवडे ऐरोली स्टेशनचा जिना मी कठड्याला धरून उतरत होतो. तेव्हापासून माझा नियम: दहा ते साडेबारा स्की, मग जेवण, मग झोप. कुणी दुपारी 'एकच फेरी' म्हणालं तर त्याचे बूट मी काढून घेतो.

घड्याळ कधी चुकतं तेही लक्षात ठेवा. रात्रभर ढग किंवा पाऊस असेल तर बर्फ गोठतच नाही, आणि सकाळी सातलाच दुपारसारखा मऊ असतो. त्या दिवशी गावालगतच्या सपाटीवर खेळा, मोठ्या उताराखाली जाऊ नका. ओला, न गोठलेला बर्फ वरून सुटून येतो. खूण साधी आहे. बूट घोट्याच्या वर रुतायला लागला, किंवा उतारावरून छोटे गोळे आपोआप गडगडत, मागे रेघ ओढत खाली येताना दिसले, की तिथून बाजूला व्हायचं. आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा, अफरवत, तुमच्यासाठी नाही. तो 3,900 मीटरच्या पुढे जातो, खाली येणारे बरेचसे उतार मोकळ्या डोंगराचे, यंत्राने दाबून सपाट न केलेले. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीयर दगावले, 2024 च्या फेब्रुवारीत एक रशियन. ही सगळी तयारीची माणसं होती.

दुसऱ्या टप्प्याला माझा आणखी एक आक्षेप आहे. आपण खाडीकाठची माणसं. घरातून निघाल्यावर दीड दिवसात 3,900 मीटर म्हणजे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ-बासष्ट टक्क्यांवर. मोठ्या माणसाचं डोकं दुखतं आणि तो तसं सांगतो. सहा वर्षांचं मूल सांगत नाही, ते किरकिर करतं. माझी मुलगी सातची असताना कोंगदोरीला आयतं मिळालेलं चॉकलेट नको म्हणाली आणि मी तिला 'नाटकं करू नकोस' म्हणून दटावलं. संध्याकाळी तिने ओकून टाकलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मूल खायला नको म्हणालं, खेळायचं सोडून बसून राहिलं, तर उंचीचा त्रास समजूनच चाला आणि खाली आणा. चार-पाचशे मीटर उतरलं तरी बराच फरक पडतो. असा त्रास साधारण 2,500 मीटरच्या वर झोपायला लागलं की सुरू होतो, म्हणून दिवसा कुठे जाता याइतकंच रात्री कुठे झोपता हे महत्त्वाचं.

आणि म्हणूनच तंबू खाली. गुलमर्गच्या आधी 13 किलोमीटरवर तंगमर्ग लागतं, जवळपास 500 मीटर खाली. ताजा बर्फ पडला तर खालून येणाऱ्या गाड्या तिथेच थांबतात आणि साखळी लावलेल्या गाडीने वर जावं लागतं. तंगमर्गच्या आसपास घरगुती राहण्याची सोय देणारी कुटुंबं आहेत. अशा घराच्या सफरचंदाच्या बागेत किंवा अंगणात त्यांच्या परवानगीने तंबू लावा. गुलमर्गचा परिसर अभयारण्यात मोडतो, तिथे वाटेल तिथे तंबू ठोकून झोपायचं नसतं. अंगणातल्या तंबूचे फायदे मी वर्षानुवर्षं मोजले आहेत: पाठीशी संडास आहे, पाऊस धो-धो आला तर पळत जायला पक्कं छप्पर आहे, आणि रात्री पोराला ताप आला तर गाडी दारात आहे. पाऊस येईलच असं धरा. श्रीनगरचा सगळ्यात ओला महिना मार्च.

एक गोष्ट अशाच एका घरातल्या आजोबांनी मला शिकवली. मार्च-एप्रिलमध्ये अस्वलं झोपेतून उठतात, आणि भुकेली असतात. तंबूत खाणं ठेवायचं नाही, लाडवाचा डबासुद्धा नाही. सगळं घरात, दार लावून. मी एकदा खिशात चिक्की ठेवून झोपलो, तर आजोबांनी सकाळी ती खिशातून काढून मला असं बघितलं की शाळेत कॉपी पकडल्यासारखं वाटलं.

तंबूच्या आत काहीही पेटवू नका. शेगडी नाही, मेणबत्ती नाही, आणि प्रेमाने दिलेली कांगडी, म्हणजे काश्मिरी निखाऱ्यांची टोपली, तीही नाही. तिच्यावर संध्याकाळी अंगणात हात शेकून घ्या. बंद तंबूत निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपेत जाग येत नाही. ऊब आणायची दुसरी रीत आहे. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरा, बूच दोनदा तपासा, बाटली लोकरी मोज्यात घाला आणि झोपायच्या पंधरा मिनिटं आधी स्लीपिंग बॅगच्या तळाशी ठेवा. मुलाची बॅग मोठ्यांची असेल तर रिकामा तळ दोरीने बांधून टाका, नाहीतर सगळी ऊब ती रिकामी जागा गरम करण्यात जाते. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते, तेव्हा पैसे घालायचे तर बॅगेपेक्षा खालच्या मॅटवर. फोमची मॅट प्रत्येकी दोन. बॅगेवर दोन तापमानं छापलेली असतात; 'कम्फर्ट' असतं ते बघा, 'लिमिट' हा निभावून नेण्याचा आकडा आहे. कम्फर्ट शून्याच्या आसपास असेल तर तंगमर्गला मार्चअखेरीस पुरतं. आणि रात्री दोनला सू लागली तर चौघांनी उठू नये म्हणून रुंद तोंडाची, नाव घातलेली बाटली. हसू नका, याच बाटलीने मला सगळ्यात जास्त आशीर्वाद मिळवून दिलेत.

ही सगळी रंगीत तालीम ठाण्यातच करा. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून गच्चीवर एक रात्र तंबू लावा. गच्चीत खिळे ठोकता येत नाहीत हे उत्तम, कारण ओल्या, भुसभुशीत मातीतही ते नीट धरत नाहीत. दोऱ्या बांधायला पिशव्यांत वाळू किंवा पाण्याच्या बाटल्या भरून वजन करायला शिकाल. मग वरून चार बादल्या पाणी ओता आणि आत कुठे ठिबकतं ते बघा. मुलांना अंधारात चेन उघडायला लावा. सहा वर्षांच्या पोराला जमली पाहिजे. माझ्या बरोबरच्या एका कुटुंबाने नवाकोरा तंबू तंगमर्गच्या पावसात पहिल्यांदा उघडला, तेव्हा त्यांना कळलं की दांड्यांचा एक जोड दुकानातून आलाच नव्हता.

पायांची तयारी दोन महिने आधीपासून. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं बसा. मोठ्यांनी दीड मिनिट, दिवसातून तीनदा. लिफ्ट सोडा, आणि चढण्यापेक्षा उतरण्यावर लक्ष द्या, कारण स्कीमध्ये मांडी तेच काम करते. रविवारी उपवनहून येऊरला चालत जा आणि चालत उतरा. मुलगी स्केटिंग करत असेल तर तोल तिला आयता मिळेल, फक्त मागे रेलायची सवय मोडावी लागेल. स्कीवर घाबरून मागे रेललं की स्की आणखी पळते. नडग्या बुटाच्या पुढच्या भागावर दाबायच्या, हेच पहिले दोन दिवस ऐकायला मिळेल.

बुटांबद्दल मी जरा हटून बोलतो. स्की, काठ्या, बूट तिथे भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. पण दुकानात घाई करणारा मुलगा 'चलेगा साब, बच्चा है' म्हणत मोठा बूट कोंबतो. एकदा मी मान डोलावली, आणि पुतणीची टाच आतल्या आत उचलली जात होती म्हणून तिला वळताच येईना. दोन दिवस वाया आणि घोट्याला फोड. बूट असा तपासा: सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे किंचित टेकली पाहिजेत, गुडघे पुढे वाकवल्यावर ती मागे सरकली पाहिजेत, आणि टाच उचलायला सांगितली तर उचलता येता कामा नये. मोजा एकच. दोन मोजे घातले की पाय जास्त गार पडतो, कारण रक्ताला जागा उरत नाही. थर्मलची पायघोळ बुटाच्या आत खोचायची नाही, सुरकुती नडगीला कापते. मुलाची स्की छाती ते हनुवटीच्या मध्ये, मुलीची हनुवटीपर्यंत. लहानग्याला पहिले दिवस काठ्या देऊच नका, तलवारबाजी होते. बूट आणि स्की जोडणारा खटका वजनानुसार बसवायचा असतो, म्हणजे पडताना तो सुटतो. मुलांची वजनं कागदावर लिहून न्या आणि दुकानदाराला पेचकस हातात घ्यायला लावा. लहान मापाचं हेल्मेट तिथे मिळेलच असं नाही, ते मात्र घरून न्या.

शिकवायला परवाना असलेला प्रशिक्षक घ्या. बाबांनी शिकवू नये, मग बाबा कितीही चांगले स्कीयर असोत. लहान मुलं अनोळखी 'सर'चं ऐकतात, बाबांचं नाही. आधी पडायचं कसं ते, कुशीवर. मग उठायचं कसं. मग स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करून थांबायचं कसं. मुलांना त्याला 'पिझ्झा' म्हणतात, आणि सहा वर्षांच्या पोराला ते आपल्यापेक्षा लवकर कळतं. त्याला दोन तास पुरे. त्यानंतर त्याला बर्फाचा माणूस करू द्या.

कपड्यांत एकच जाडजूड जॅकेट घेऊ नका. मार्चच्या उन्हात मूल घामाने भिजतं आणि ढग आला की त्याच घामाने कुडकुडतं. पातळ तीन थर घ्या, अंगाला लागून सुती काही नको, जीन्स तर नकोच. हातमोजे प्रत्येकी दोन जोड, मुलांचे तीन. ऊन हा मार्चमधला खरा शत्रू. उंचीबरोबर दर 1,000 मीटरला अतिनील किरण साधारण 10 टक्क्यांनी वाढतात आणि स्वच्छ बर्फ त्यातले 80 टक्क्यांपर्यंत खालून परत पाठवतो. म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. गॉगल न लावलेल्या मुलाचे डोळे लगेच दुखत नाहीत, रात्री वाळू गेल्यासारखे चुरचुरतात. मुलाच्या गॉगलला मागून इलॅस्टिक शिवून टाका आणि एक जोड जास्तीचा ठेवा.

खाण्याचं थोडक्यात. कॅम्पिंग गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, आणि नुसत्या ब्यूटेनचा डबा शून्याखाली गेला की पेटतच नाही. घरमालकाच्या चुलीवर पैसे देऊन शिजवा. तिथे पाणी शंभरला उकळत नाही, डाळ टोपात तासभर कच्चीच राहते, म्हणून तीन लिटरचा कुकर न्या. मेतकूट, तूप, दाण्याची चटणी, सुकं खोबरं आणि लाडू घरून. मऊ भात-मेतकूट-तूप हे पहिल्या रात्रीचं जेवण. नव्या जागी, नव्या उंचीवर, थकलेलं मूल तेवढंच खातं.

दिवस असे मांडा: पहिली रात्र श्रीनगरला, 1,600 मीटरच्या जरा खाली. दुसऱ्या दिवशी तंगमर्ग, तंबू, आणि दुपारी वर जाऊन बूट-स्की मापून ठेवणं. पुढच्या तीन सकाळी स्की. सहावा दिवस मुद्दाम रिकामा, पावसाने खाल्लेली एखादी सकाळ भरून काढायला. गोंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधीच काढावं लागतं, ते तिसऱ्या सकाळचं काढा. वारा सुटला की ते बंद राहतं, मग हट्ट करू नका. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, दोघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या. प्रवासाच्या विम्यात स्कीइंग धरलं आहे का तेही वाचा, बऱ्याचदा वगळलेलं असतं.

आणि सगळ्याच सकाळी पावसाने घेतल्या तर तंबू ओलाच गुंडाळून श्रीनगरला उतरा. मार्चच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमाराला दल सरोवराजवळची ट्युलिपची बाग उघडते. मागच्या खेपेला आम्ही तसंच केलं. सहाचा एक मुलगा त्या रांगांमधून गुडघे वाकवून, हात पुढे धरून पिझ्झा करत चालला होता, आणि माळी ओरडायच्या बेतात होता.